टिटवीच्या सात ओळी

ग्रोनिंगेन, ३ ऑक्टोबर २०११

प्रिय रिन्से,

दर नव्या वर्षाला माझं एका ओळीचं कार्ड येतं आणि तुझं येत नाही, याची आपल्या दोघांनाही सवय झाली आहे. त्यामुळे ऑक्टोबरातच हे जाड पाकीट पाहून तू ते आधी उजेडात धरशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. काम आहे.

बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा आपला क्लब एक पुस्तिका काढतोय. लेन्डर्ट अजून सचिवच आहे. त्याला त्या खुर्चीवरून उठवायला क्रेन लागेल. प्रत्येक जुन्या प्रोग्रॅमला दोन पानं द्यायची, आणि आपल्या टिटवीची पानं मी लिहायची, असं ठरलंय. अट एकच, लेन्डर्टच्या बायकोला वाचून कळलं पाहिजे. पंधरा नोव्हेंबरला मजकूर छापायला जाणार. मी एक परिच्छेद लिहून ठेवलाय, तो असा:

"टिटवी हा प्रोग्रॅम रिन्से तोल्समा आणि हार्मेन विरसम यांनी १९८८ ते १९९३ या काळात लिहिला. प्रोग्रॅम प्रत्येक चालीबद्दल आधी एक स्वस्तातला प्रश्न विचारतो: हातातल्या चालीपेक्षा ही बरी आहे का? उत्तर 'हो' आलं, तरच तो दुसरा, महागडा प्रश्न विचारतो: किती बरी? पण कधीकधी या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळतं की मुळीच बरी नाही. याचं कारण म्हणजे एकदा पाहिलेल्या पटस्थितीची किंमत प्रोग्रॅम एका टेबलात लिहून ठेवतो, आणि दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात त्या टेबलातल्या नोंदी बदललेल्या असतात. १९९२ साली लायडनच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत टिटवी पहिली होती. शेवटच्या डावात अशाच गोंधळात तिने हत्ती फुकट घालवला. दोष टेबलाच्या भागात होता. तो भाग तोल्समा यांनी लिहिला होता. नेमका दोष पुढे कधीच सापडला नाही."

शेवटची तीन वाक्यं तुला खटकणार नाहीत असं धरून चालतो. एकोणीस वर्षं झाली, आता कोणाला काय त्याचं! 'चालेल' एवढं लिहून पाठव, बस.

पुलावर कसं चाललंय? घरी आफ्के म्हणते, बोटींसाठी पूल उघडत बसायची नोकरी म्हणजे निवांतपणा. मी म्हटलं, रिन्से निवांत बसला तर पूलच घाबरेल.

तुझा,
हार्मेन


ग्रोनिंगेन, १२ ऑक्टोबर २०११

प्रिय रिन्से,

तुझं उत्तर आलं नाही. काल लेन्डर्टचा फोन होता. "तोल्समा जिवंत आहे ना रे?" म्हणे. आहे म्हटलं. "मग त्याची सही आण. कोणाच्या नावावर चूक छापायची तर त्याला विचारलेलं बरं. मी म्हातारा झालोय, मला भांडणं सोसत नाहीत."

'कोणाच्या नावावर चूक' हे त्याचे शब्द. माझ्या परिच्छेदात ते इतके उघडे दिसत नव्हते. फोन ठेवल्यावर मी तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि दिसले.

तेव्हा तुझ्या कानावर एक गोष्ट घालतो. फार मोठी नाही. लायडनच्या आठवडाभर आधी मी चाली शोधणाऱ्या भागात थोडी साफसफाई केली होती. तुझ्या त्या सात ओळी आठवतात? पहिलं आणि दुसरं उत्तर एकमेकांशी जुळलं नाही, तर टेबल बाजूला ठेवून कोऱ्या डोक्याने तिसऱ्यांदा विचारायचं, त्या ओळी. त्यांच्यात वेळ फार जायचा, म्हणून मी त्या तात्पुरत्या काढल्या होत्या. टिटवी अकरा टक्के जास्त वेगाने पळायला लागली. वहीत नोंद करायची राहून गेली, एवढंच.

आपला नियम मी विसरलेलो नाही. निळी शाळेची वही, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या खणात. एकमेकांच्या एकाही ओळीला हात लावायचा तर आधी तिथे तारीख, कारण आणि सही. तू म्हणायचास, डिस्क खोटं बोलते, वही बोलत नाही.

पण त्या ओळींमुळे फार फरक पडला असेल असं मला वाटत नाही. बाकीचे कितीतरी प्रोग्रॅम पहिल्या उत्तरावरच विश्वास ठेवायचे आणि सुखाने नांदायचे. तरीही तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. आता तरी 'चालेल' लिही.

हार्मेन


ग्रोनिंगेन, १७ ऑक्टोबर २०११

रिन्से,

मागच्या पत्राची नक्कल मी ठेवली होती. ती आफ्केने वाचली. वाचून तिने विचारलं, "राहून गेली म्हणजे? तू तर किराणा आणायला जातानाही यादीची यादी करतोस."

राहून गेली नव्हती. त्या शनिवारी तू गोठ्यात होतास, तुझी आई वरच्या मजल्यावर होती. मी खण उघडला, वही काढली, पेनाचं टोपण काढलं. तारीखसुद्धा लिहिली. मग मनात आलं, हे वाचलं की रिन्से नाही म्हणणार. आणि तू नाही म्हणाला असतास तर मला गप्प बसावं लागलं असतं, कारण तुझं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं. मी ते पान फाडून खिशात घातलं. ही सगळी हकीकत मी कालपर्यंत कोणालाही, बायको असून आफ्केलाही, सांगितली नव्हती. काल सांगितली.

आता लायडन. तुझ्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, गाईंना रविवार कळत नाही, म्हणून तू घरी राहिलास आणि मशीन घेऊन मी गेलो. शेवटचा डाव बास्टियानच्या प्रोग्रॅमशी होता. आपल्याला बरोबरी पुरत होती. एकोणचाळिसाव्या चालीला टिटवीने 'हो, हत्ती देणं बरं' म्हटलं. दुसऱ्या प्रश्नाला लगेच 'मुळीच नाही' म्हटलं. पडद्यावर दोन्ही उत्तरं माझ्या डोळ्यांसमोर होती. तिसऱ्यांदा विचारणारं आत कोणी नव्हतंच, म्हणून तिने पहिलं 'हो' धरलं. नियमाप्रमाणे मशीन दाखवील तीच चाल मला पटावर करायची होती. मी माझ्या हाताने तो हत्ती उचलला आणि दिला.

चार चालींनी बास्टियान मोठ्याने म्हणाला, "काय रे, तुमची टिटवी अंडी घालायला बसली की काय?"

सगळे हसले. मी म्हटलं, "टेबल. टेबलानं घात केला. टेबल माझं नाही."

"मग टेबलवाला कुठाय?"

"गाईंचं दूध काढतोय."

यावर जे हसले ते मला अजून ऐकू येतं. मीही हसलो, रिन्से. मग बाहेरच्या फोनवरून तुला कळवलं. मागे गाय हंबरत होती. तू म्हणालास, "माझ्या टेबलानं?" मी म्हटलं, "दिसतंय तरी तसं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण तुला डिस्क द्यायच्या आधी, सोमवारी, मी त्या सात ओळी जशाच्या तशा परत घातल्या. तू घरी ती पटस्थिती लावलीस तेव्हा टिटवीने शहाण्यासारखी राजाची चाल केली. दहा वेळा लावलीस, दहाही वेळा राजाच. "असं होऊच शकत नाही," तू म्हणत राहिलास. मी म्हटलं, खऱ्या डावात टेबल वेगळं भरतं, पुन्हा तसं भरणार नाही, नाद सोड. तू नाद सोडणारा नव्हतास, हे मला माहीत होतं.

तीन महिने दर शनिवारी मी बस धरून तुझ्याकडे आलो. तू ते टेबल तीनदा नव्याने लिहिलंस. मी शेजारी बसून तुझ्या आईचं वाटाण्याचं सूप प्यायलो, 'इथे बघ, तिथे बघ' म्हणालो. जिथे काही नव्हतं तिथे बोट दाखवलं. फेब्रुवारीत तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि म्हणालास, "माझा माझ्या डोक्यावर भरवसा उरला नाही." विद्यापीठाची जागा तुला मिळाली होती, तू त्यांना नकार कळवलास. मी 'विचार कर' म्हणालो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण ते माझ्या तोंडून निघालं नाही.

मला लाज वाटते. हे लिहायला एकोणीस वर्षं लागली याची जास्त वाटते. तुझ्याकडे काही मागत नाही. परिच्छेद बदलून लेन्डर्टला पाठवतो.

हार्मेन


वार्टेन, २५ ऑक्टोबर २०११

हार्मेन,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर द्यायचं नव्हतं. दुसरं वाचून राग आला. तिसरं मी पुलावरच्या खोलीत वाचलं आणि तोवर एक वाळूची बोट वाट बघत भोंगा वाजवत राहिली. नावाडी वर आला आणि म्हणाला, "प्रेमपत्र आहे का?" मी म्हटलं, "हो, जुनं आहे."

गाईंचा विनोद मला बास्टियाननेच नंतर सांगितला होता. बरा होता.

आता माझं ऐक. तू लिहितोस, जिथे काही नव्हतं तिथे मी शोधत होतो. तिथे होतं. त्र्याण्णवच्या जानेवारीत, एका मंगळवारी मला सापडलं. प्यादं दोन घरं पुढे आलं की शेजारच्या प्याद्याला ते लगेच पुढच्याच चालीत जाता जाता मारायचा हक्क असतो. तो हक्क आहे की नाही, हे माझ्या टेबलात नोंदलंच जात नव्हतं. म्हणजे दोन वेगळ्या पटस्थिती टेबल एकच समजायचं आणि एकीची किंमत दुसरीला चिकटवायचं. शाळकरी पोराची चूक. चार वर्षं तिथे होती.

मी ती दुरुस्त केली आणि तुला सांगितलं नाही. वहीत लिहिलं नाही. तू दर शनिवारी यायचास. मला वाटायचं, माझ्या गाढवपणापायी याच्या हातचं जेतेपद गेलं, तरी हा बिचारा बसचे धक्के खात येतो, चुकून एक शब्द बोलत नाही. तुझ्या तोंडाकडे बघवेना. म्हणून मी डोक्याचं निमित्त सांगितलं. कार्डांना उत्तर का नव्हतं, तेही आता तुला कळलं असेल. काय लिहिणार होतो?

तू ओळी काढल्यास, मी टेबल बिघडवलं. पण त्या सात ओळी मी घातल्याच होत्या कशासाठी? टेबलात माझी काही चूक असेल तर ती पकडायला. मूळ रोग माझा, तू फक्त औषध काढून घेतलंस. तेव्हा तुझा पहिला परिच्छेद छापू दे. शेवटचं वाक्य तेवढं बदल, दोष सापडला होता म्हणावं.

एक नोव्हेंबरपासून पूल फक्त फोन आला तरच उघडतो. मला वेळ असतो. ये. आई नाही आता, सूप मी करतो, वाईट होतं. आफ्केलाही आण.

रिन्से


ग्रोनिंगेन, १० नोव्हेंबर २०११

रिन्से,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसलो. रडलो म्हटलं तर खोटं होईल. मला हायसं वाटलं. एखाद्याकडे चोरी कबूल करायला जावं आणि मालकाने म्हणावं, अहो, ती वस्तू तुमचीच होती, तसं हायसं. आफ्केला मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, 'मूळ रोग माझा' हे दोनदा. बाराव्या तारखेची वार्टेनची तिकिटं काढली. साखरपाव सांगून ठेवला.

मग आफ्के म्हणाली, "म्हणजे हत्ती त्याच्या चुकीनं गेला?"

"असं तो म्हणतो."

"तू बघितलंस का?"

लेन्डर्टकडे त्या काळातलं मशीन अजून चालू आहे, तो त्याच्यावर पांघरूण घालतो. गेल्या शनिवारी मी आपल्या सगळ्या डिस्क घेऊन गेलो. लायडनला नेलेलीही माझ्याकडे होती. ती मी कधी पुसली नाही आणि कधी कोणाला दाखवलीही नाही. मी लायडनचा डाव पहिल्या चालीपासून टिटवीला पुन्हा खेळायला लावला, तेवढाच वेळ देऊन, म्हणजे टेबल जसं तेव्हा भरलं असेल तसंच भरावं. लेन्डर्ट बास्टियानच्या चाली करत होता आणि मधूनमधून "मूर्खपणा!" म्हणत होता.

आधी तुझी चूक टेबलात तशीच ठेवली आणि तुझ्या सात ओळीही ठेवल्या. एकोणचाळिसाव्या चालीला दोन उत्तरं जुळली नाहीत, टिटवीने तिसऱ्यांदा विचारलं आणि राजा हलवला. डाव बरोबरीत गेला असता. पाच वेळा केलं, पाचही वेळा राजा.

मग तुझी जानेवारीतली दुरुस्ती, तू पत्रात सांगितलीस तशी, टेबलात घातली आणि सात ओळी काढल्या. म्हणजे तुझं टेबल निर्दोष, फक्त माझी करामत शिल्लक. टिटवीने हत्ती दिला. पाचही वेळा. पाचव्या वेळी लेन्डर्टने चष्मा काढून पटाशेजारी ठेवला.

तुझी चूक खरी होती. पण त्या डावात ती कुठेही आड आली नाही. टेबल बरोबर असतानाही दोन उत्तरं कधीकधी जुळत नाहीत, तू ते पहिल्या वर्षीच मला समजावून सांगितलं होतंस. हत्ती गेला तो फक्त मी काढलेल्या ओळींमुळे गेला.

हे मला शनिवारी दुपारी चार वाजता कळलं. आज गुरुवार. मधले पाच दिवस मी हे तुला न सांगता तुझ्याकडे यायचं ठरवत होतो. लेन्डर्टला 'पुस्तिका छापून होईपर्यंत कुणाला बोलू नकोस' असंही सांगितलं. विचार असा होता की तू माफ केलं आहेस, दोघांनी थोडीथोडी वाटून घेतली आहे, म्हाताऱ्या माणसांनी आणखी काय करायचं? तुझ्या खोलीत बसावं, तुझं वाईट सूप प्यावं, दोन्ही चुकांवर हसावं. फेब्रुवारीत जसा तुझ्या शेजारी बसलो होतो, तसाच पुन्हा बसणार होतो. तेव्हा तीन महिने बसलो होतो, आता मरेपर्यंत बसलो असतो.

आज सकाळी आफ्केने तिकिटं टेबलावर ठेवली आणि विचारलं, "पत्र आधी जाणार की आपण?" मी म्हटलं, पत्र.

लेन्डर्टला नवा परिच्छेद दिला आहे. त्यात लिहिलंय की हत्ती हार्मेन विरसम याने घालवला, सहकाऱ्याला न कळवता सुरक्षेच्या ओळी काढून, आणि दोष सहकाऱ्यावर ढकलून. टेबलाचा त्या डावाशी संबंध नव्हता. तू नको म्हणालास तरी तो तसाच छापला जाईल. या एका बाबतीत तुझी सही लागत नाही.

'ये' हे तू ज्या माणसाला लिहिलंस, तो अर्ध्या चुकीचा धनी होता. मी तो नाही. तेव्हा बाराव्या तारखेला मी निघणार नाही. पुन्हा बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर का ते मला कळेल.

पण येवो न येवो, एक गोष्ट तुझ्यापर्यंत पोचायलाच हवी. तू विद्यापीठाला नाही म्हणालास, पेन्सिल खाली ठेवलीस, सगळ्यांकडे पाठ फिरवून पुलावर जाऊन बसलास, ते एका अशा चुकीसाठी जिने कोणाचं काहीही बिघडवलं नव्हतं. ज्या सात ओळींनी आपल्याला वाचवलं असतं त्या तुझ्या होत्या. तुझं डोकं ठीक होतं, रिन्से. त्या फेब्रुवारीतही ठीक होतं. मला ते माहीत होतं, आणि मी समोर बसून तुला सांगितलं नाही.

हार्मेन